पिस्टन काय सांगतो?

श्रोतेहो, सकाळच्या वेळी शिवारातून येणारा तो टर्रर्र आवाज आपल्या चांगल्या परिचयाचा आहे. कुणीतरी पाठीवरचा फवारणीचा पंप सुरू केलेला असतो, किंवा बांधावरचे गवत कापायचे यंत्र. गावात अजून एखादी लूना, एखादी राजदूत, नाहीतर वडिलांच्या वेळची चेतक स्कूटर जीव धरून असेल, तर तिचा आवाजही त्याच घराण्यातला. यांपैकी पुष्कळांच्या पोटात टू-स्ट्रोक इंजिन असते. त्या इंजिनाच्या वरच्या भागाविषयी, म्हणजे डोके, सिलिंडर, पिस्टन आणि रिंगा यांच्याविषयी मी आज बोलणार आहे. हा भाग झिजतो, तापतो, कधी अडकून बसतो. आणि नीट लक्ष दिले तर तो पुन्हा नव्यासारखा करता येतो.

आता आपण म्हणाल, मराठी शिकवणाऱ्या प्राध्यापकाने पिस्टनच्या भानगडीत कशाला पडावे? शंका रास्त आहे. मी आपण होऊन पडलो नाही. मला पाडण्यात आले, आणि तेही अक्षरशः, कुंभार्ली घाटात. ती हकीकत सांगतोच. पण त्याआधी या इंजिनाचा स्वभाव थोडा समजून घेतला पाहिजे.

शाळेच्या पुस्तकात बहुधा चार-स्ट्रोक इंजिनाचे चित्र असते. त्यात डोक्यावर दोन झडपा असतात. एकीतून पेट्रोल आणि हवेचे मिश्रण आत येते, दुसरीतून धूर बाहेर जातो. आपल्या टू-स्ट्रोकला डोक्यावर झडपा नाहीत. सिलिंडरच्या भिंतीतच खिडक्या कोरलेल्या असतात, आणि वरखाली पळणारा पिस्टन त्या खिडक्यांची उघडझाप करतो. पिस्टन वर गेला की त्याच्या पोटाखालच्या खोलीत नवे मिश्रण ओढले जाते. तो खाली आला की तेच मिश्रण दाबले जाऊन बाजूच्या वाटेने वर चढते आणि उरलेल्या धुराला बाहेर ढकलते. पिस्टनच्या खालच्या खोलीचा असा पंपासारखा उपयोग करून घेण्याची युक्ती इंग्लंडातल्या बाथ शहरी जोसेफ डे याने १८९१ च्या सुमारास काढली. लहान इंजिनांत आजही तीच चालते.

म्हणजे बघा, पिस्टन हा इथे गडीही आहे आणि दारवानही. मिनिटाला चार हजार फेरे धरले, तर एकेक रिंग त्या खिडक्यांवरून मिनिटाला आठ हजार वेळा घासत जाते. आणि या सगळ्या धावपळीत त्याला तेल मिळते किती? पेट्रोलमध्ये कालवलेले असेल तेवढेच. मोटारीसारखी खाली तेलाची टाकी नाही. पेट्रोलबरोबर आलेले तेल भिंतीला, बेअरिंगला चाटून जाते आणि शेवटी जळून धुरावाटे निघून जाते. म्हणून या इंजिनाचे खालचे अंग वर्षानुवर्षे टिकते, पण वरचे अंग मधूनमधून उघडावे लागते. त्यात इंजिनाचा दोष नाही, त्याची रचनाच तशी आहे.

आमच्या घरची चेतक अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, १९८६ साली घेतली. अण्णा प्राथमिक शाळेत गुरुजी होते. चेतक १९७२ पासून पुण्याजवळ आकुर्डीला तयार होऊ लागली होती आणि तिच्यासाठी नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावे लागे, हे आपल्यातल्या वयस्कर मंडळींना आठवत असेल. दर रविवारी सकाळी अण्णा गोणपाट अंथरून बसत आणि तिचा एकेक पत्रा पुसत. इंजिनातले त्यांना काही कळत नसे, पण पुसण्यात त्यांची कसूर नसे. पुढे धुराचे नियम कडक झाले, टू-स्ट्रोक चेतक या शतकाच्या पहिल्या दशकात बंद झाली, आणि २०२० पासून त्याच नावाची विजेवरची स्कूटर रस्त्यावर आली. आमची जुनी मात्र चिपळूणला माझ्याकडे राहिली.

२०१७ च्या एप्रिलात तिची ओढ कमी झाली. किक मारताना पायाला जो दणकट विरोध लागतो तो लागेना. एका गॅरेजवाल्याने दोन तासांत डोके उघडले, नवा पिस्टन आणि नव्या रिंगा टाकल्या, आणि गाडी सुरू करून दिली. मी खूश. निघताना त्याने वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक काळा पत्रा माझ्या हातात ठेवला. "हा बसवताना अडचण होते सर, ह्याच्याशिवाय काही अडत नाही. उलट वारा जास्त लागेल." मी तो पत्रा घरी आणून माळ्यावर टाकला.

मे महिन्यात मुलीला मागे बसवून मी गावाकडे निघालो. गाव पाटणच्या बाजूला. कुंभार्ली घाटाची चढण, दुपारचे अकरा वाजलेले, दुसऱ्या गिअरवर इंजिन कण्हत होते. आधी ओढ कमी झाल्यासारखी वाटली. मी, शहाणा, आणखी मूठ पिळली. पुढच्याच क्षणी एक चिरका आवाज झाला आणि मागचे चाक जागीच थांबले. गाडी आडवी घसरली. मुलीचा गुडघा आणि कोपर सोलवटले. मागून येणारा ट्रक चार हातांवर उभा राहिला. त्या चालकाने ब्रेक दाबताना जो आवाज झाला तो मला अजून ऐकू येतो.

इथे थोडे थांबून एक गोष्ट सांगतो, कारण ती घाटात उपयोगी पडेल. गिअरची दुचाकी चालवताना इंजिन एकाएकी जड वाटले, आवाज बदलला, तर मूठ सोडा आणि लगेच क्लच दाबा. क्लच दाबला की अडकलेले इंजिन चाकापासून सुटे होते आणि गाडी गडगडत बाजूला घेता येते. मला हे नंतर कळले.

गाडी टेम्पोत घालून पाटणला आणली. तिथल्या बाजारपेठेत एक म्हातारे मिस्त्री आहेत. अण्णांच्या हाताखाली चौथीपर्यंत शिकलेले. मी त्यांना म्हटले, "मिस्त्री, पिस्टन जॅम झालाय. नवीन टाकून द्या, मला सोमवारी परत जायचंय."

ते म्हणाले, "पिस्टन टाकीन की सर. पर ह्यो का मेला ते कळल्याबिगर नवा कशाला मारायचा?"

खरं सांगतो, मला थोडा रागच आला. पण त्या रविवारी त्या पत्र्याच्या शेडमध्ये मी जे पाहिले, ते आपल्यासमोर मांडावे म्हणून हे भाषण.

त्यांनी आधी काहीच उघडले नाही. बाहेरून ब्रशने आणि रॉकेलने सगळी माती धुऊन काढली. उघड्या इंजिनात चिमूटभर वाळू पडली तर ती नव्या पिस्टनला पहिल्याच दिवशी ओरबाडते. मग पेट्रोलचा कॉक बंद केला, प्लग काढून बाजूला ठेवला (पुसला नाही, हे लक्षात घ्या) आणि धुराची नळी सोडवली. डोक्याचे चार नट त्यांनी समोरासमोरचे, थोडे थोडे ढिले केले. एकच नट पुरता सोडला तर डोक्याचा ॲल्युमिनिअमचा पत्रा वाकतो. डोके निघाल्यावर सिलिंडर हातोडीच्या लाकडी दांड्याने हलकेच ठोकत वर सरकवला, आणि पिस्टन दिसू लागताच खालच्या तोंडात स्वच्छ कापडाचा बोळा कोंबला. त्या बोळ्याचे महत्त्व मला पाचच मिनिटांत समजले. पिस्टनची आडवी पिन जागेवर धरणारी जी तारेची कडी असते, जिला मिस्त्री लोक लॉक म्हणतात, ती मी उत्साहाने काढायला गेलो आणि ती टुणकन उडून नेमकी त्या बोळ्यावर पडली. बोळा नसता तर ती इंजिनाच्या पोटात गेली असती, आणि मग सगळेच खोलावे लागले असते.

पिस्टन हातात आल्यावर मिस्त्री उन्हात जाऊन बसले. तो फिरवून फिरवून पाहू लागले. आपण एखादे जुने पत्र वाचावे तसे.

पिस्टनवरच्या खुणा खोटे बोलत नाहीत, पण त्या कुठल्या बाजूला आहेत ते पाहावे लागते. सगळ्या अंगाने उभे ओरखडे असतील, तर बहुधा तेल कमी पडलेले असते. चार ठिकाणी चार उभे पट्टे असतील, तर सिलिंडर फार आवळ आहे, किंवा थंड इंजिन सुरू करताच ताणले आहे. माथ्याला भोक पडले असेल, तर मिश्रणात पेट्रोल कमी आणि हवा जास्त होत होती, नाहीतर प्लग चुकीचा, नाहीतर ठिणगीची वेळ बिघडलेली. मिश्रण आत येते त्या बाजूची चकाकी जाऊन ती राखेसारखी मळकट झाली असेल, तर हवेच्या जाळीतून धूळ येते आहे. फवारणी पंपाच्या आणि गवत कापायच्या यंत्राच्या पिस्टनला हाच आजार फार. कारण ती जाळी धुवायची असते, हेच आपण विसरतो. रिंगांच्या खाली काळे डाग उतरलेले असतील, तर रिंगा झिजल्या आहेत आणि जाळ बाजूने खाली झिरपतो आहे.

आमच्या पिस्टनवर ओरखडे होते ते फक्त धूर बाहेर पडतो त्या बाजूला. ती बाजू सगळ्यात गरम. मिस्त्रींनी खालच्या खोलीत बोट घालून मला दाखवले. बोट तेलाने ओले. म्हणजे तेल येत होते. प्लगचे टोक बघितले, तर चॉकलेटी. पांढरे नाही, काळे ओलेही नाही. म्हणजे मिश्रणही ठीक होते. "त्याल मिळालं, पेट्रोल बराबर, मग तापला कशानं?" असे स्वतःशीच पुटपुटत ते उठले, गाडीजवळ गेले, एका रिकाम्या बोल्टच्या भोकात करंगळी घातली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "सर, ह्याचं टोपडं कुठं हाय?"

माळ्यावर होते. वर्तमानपत्रात.

मोटारसायकलचे इंजिन समोर वाऱ्यात उभे असते. स्कूटरचे इंजिन मागे, पत्र्याच्या आड लपलेले. त्याला वारा लागत नाही, म्हणून त्याच्या फिरत्या चाकावरच पंख्याची पाती असतात, आणि तो वारा सिलिंडरच्या पात्यांमधून फिरवून नेण्यासाठी एक पत्र्याचे टोपडे असते. टोपडे नसेल तर पंखा फिरतो, पण वारा मोकळाच उधळतो. सपाटीवर महिनाभर निभावले. घाटात, मे महिन्यात, दोघे बसलेले असताना निभावले नाही.

यातला हिशेब शिक्षक बंधुभगिनींना वर्गात करून दाखवता येईल. चेतकचा पिस्टन ५७ मिलिमीटर व्यासाचा, आणि त्याची धावही ५७ मिलिमीटर. त्यावरून सिलिंडरची जागा १४५ घन सेंटिमीटरच्या थोडी वर भरते. पिस्टन ॲल्युमिनिअमच्या मिश्रधातूचा, सिलिंडर बिडाचा. ॲल्युमिनिअम तापल्यावर बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. ते एका अंशाला लांबीच्या सुमारे लाखात दोन भाग वाढते असे धरले, तर शंभर अंशांनी तापलेला ५७ मिलिमीटरचा पिस्टन ०.११ मिलिमीटरने वाढेल. बीड तेवढेच तापले तर साधारण निम्म्याने. उरलेला फरक वर्तमानपत्राच्या एका पानाच्या जाडीएवढा. पिस्टन आणि भिंत यांच्यात मोकळी जागा ठेवलेली असते ती याच मापाची, शतांशांची. शिवाय पिस्टन भिंतीपेक्षा जास्त तापतो. वारा थांबला की ते पानभर अंतर संपते, तेलाचा पापुद्रा फाटतो, आणि ॲल्युमिनिअम भिंतीला चिकटते.

आता दुरुस्ती. पुष्कळ ठिकाणी अशा वेळी सिलिंडरला आतून पॉलिश पेपर मारतात आणि नव्या रिंगा घालून गाडी देतात. स्वस्त पडते, आणि काही दिवस चालतेही. पण सिलिंडर गोल राहिला आहे की नाही हे पॉलिश पेपरला कळत नाही. मिस्त्रींनी तो मापून पाहायला कराडला पाठवला, बोअरिंगच्या दुकानात. तिथे घड्याळासारख्या मापकाने वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी उभे आणि आडवे, असे माप घेतात. आमचा सिलिंडर खिडकीपाशी लांबट झालेला निघाला. एकदा पूर्वी बोअर झालेलाच होता. आता दुसऱ्यांदा करणे भाग होते. बिडाचा सिलिंडर असा दोन-चार वेळा वाढवता येतो, पुढे आत नवी नळी बसवावी लागते.

इथला क्रम महत्त्वाचा. आधी पिस्टन विकत घ्यायचा, मग त्याच्या मापाने बोअर करायचा. "मोठ्या मापाचा" म्हणून आलेले दोन पिस्टनही तंतोतंत सारखे असतीलच असे नाही. म्हणून मिस्त्रींनी पिस्टन हातरुमालात बांधून बोअरिंगवाल्याकडे धाडला आणि निरोप दिला, की ह्याच्या अंगाला माप घेऊन कर, डब्यावर छापलेल्या आकड्यावर जाऊ नको.

बोअर झाल्यावर दगडाने घासून भिंतीवर बारीक तिरप्या रेघांची जाळी पाडतात. त्या रेघांत तेल मुरते. खिडक्यांच्या धारदार कडाही थोड्या मारून घ्याव्या लागतात, नाहीतर रिंग तिथे अडकते. सिलिंडर परत आला तो चकचकीत, आणि मला वाटले, आता बसवायचा. पण मिस्त्रींनी गरम पाणी आणि धुण्याची पावडर मागवली. घासण्याची बारीक भुकटी त्या रेघांत बसलेली असते. ती पेट्रोलने निघत नाही, साबणाच्या पाण्याने निघते. पांढऱ्या धोतराचा तुकडा आत फिरवायचा, तो काळा आला की पुन्हा धुवायचे. आमचा तुकडा चौथ्या वेळेला पांढरा राहिला. मग पुसून लगेच तेलाचा हात फिरवला, कारण उघडे बीड घटकाभरात गंजते.

रिंगांचे टोक जुळते तिथे फट हवी. रिंग नुसतीच सिलिंडरमध्ये घालून पिस्टनच्या माथ्याने सरळ खाली ढकलायची आणि फट पातळ पट्टीने मोजायची. व्यासाच्या एका इंचाला चार थाऊ, म्हणजे चार हजारांश इंच, असा जुन्या मिस्त्रींचा हिशेब आहे; आमच्या मापाला ते पाव मिलिमीटरच्या थोडे आत येते. फट नसेल तर तापलेली रिंग फुगून टोकाला टोक भिडते आणि भिंत फाडते. टू-स्ट्रोकच्या पिस्टनला रिंगेच्या खाचेत एक बारीक खुंटी असते. रिंगेची दोन्ही टोके त्या खुंटीपाशीच आली पाहिजेत, म्हणजे रिंग फिरणार नाही आणि टोक खिडकीत शिरणार नाही. सिलिंडर वरून घालताना तो सरळच सरकवायचा, पिळायचा नाही, तो याचसाठी. पिस्टनच्या माथ्यावर बाण असतो, त्याचे तोंड धुराच्या खिडकीकडे. आणि पिनेच्या कड्या नव्याच घालायच्या, जुन्या नाहीत. कडीचे तोंड वर किंवा खाली ठेवायचे, आडवे नाही.

डोक्याचे नट पुन्हा समोरासमोरचे, तीन फेऱ्यांत आवळले. मग टोपडे. ते अण्णांनी स्वतः आणले होते, माळ्यावरून उतरवून, पुसून. अण्णा तेव्हा ऐंशीला आले होते. शेडच्या दारात खुर्चीवर बसून ते म्हणाले, "मी दर रविवारी पुसायचो हे. नसलेलं मला लांबूनसुद्धा दिसलं असतं." माझ्याकडे बघून नव्हे, मिस्त्रींकडे बघून म्हणाले.

पहिल्यांदा सुरू केल्यावर कोमट होईपर्यंत चालवून बंद केली, पुरती थंड होऊ दिली, पुन्हा सुरू केली. असे तीनदा. थंड झाल्यावर नट पुन्हा तपासले. पुढचे काही शे किलोमीटर दोघांनी बसायचे नाही, घाट चढायचा नाही, एकाच वेगाने ताणायचे नाही, असे फर्मान निघाले. तेल किती, तर कंपनीने सांगितले असेल तेवढेच. दोन टक्के म्हणजे लिटरला वीस मिलिलिटर. जीव लावून जास्त ओतू नये. तेल वाढले की त्याच मापात पेट्रोल कमी होते, मिश्रण पातळ पडून इंजिन उलट तापते, आणि धुराची नळी काजळीने भरते ती वेगळीच. तेल आधी थोड्या पेट्रोलमध्ये डब्यात नीट कालवावे आणि मग टाकीत ओतावे. फवारणीच्या पंपालाही हाच नियम. तिथे तर झाकणाने अंदाजे तेल ओतण्याची फार सवय आहे.

मजुरी विचारली तेव्हा मिस्त्रींनी बोअरिंगचे आणि सामानाचे पैसे घेतले. स्वतःचे किती, याला उत्तर दिले नाही. अण्णांसमोर ते बोलेचनात. मी पाकीट काढले तर म्हणाले, "ते राहू द्या. तो मेलेला पिस्टन तेवढा गुरुजींच्या शाळेत द्या."

तो पिस्टन आता गावच्या शाळेत कपाटात आहे. सातवीची मुले त्याच्या ओरखड्यांवरून नख फिरवतात आणि धूर कुठल्या बाजूला होता ते सांगतात. माझ्या मुलीने एकदा तिथे जाऊन तो हातात घेतला, उलटा करून आत पाहिले, आणि गुडघ्यावरच्या खुणेशी धरून माप घेतले.